तासाच्या मध्यावर एक प्रश्न

आज बोलायचंय ते कॉलेजात शिकवणाऱ्यांशी. पण ज्यांची मुलं कॉलेजात जातात, त्या पालकांनीही ऐकायला हरकत नाही.

माळेगाव बुद्रुक म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. त्याच गावात शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. पुस्तकातलं निम्मं प्रकरण गाळप हंगामात गावातच चालू असतं! तेव्हा फळ्यावर आलेख काढण्याआधी वर्गाला विचारा: कारखान्यात उसाचा रस एकामागून एक अशा बंद भांड्यांत आटवतात. पहिल्या भांड्यात तो शंभर अंशांच्या वर उकळतो, शेवटच्या भांड्यात मात्र साठ अंशांच्या आसपासच. का? एक, साखरेचं प्रमाण वाढलं म्हणून. दोन, भांड्यातला दाब कमी केला म्हणून. तीन, वाफ जास्त सोडली म्हणून.

उत्तर लगेच सांगू नका. हात वर करायलाही लावू नका. पुढच्या बाकावरची ठरलेली दोन मुलं हात वर करतात आणि बाकीची सुटतात. सगळ्यांनी एकदम, छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरायची. 'एक' धरणारी बरीच निघतील. साखर विरघळली की उत्कलनबिंदू उलट वाढतो, हे त्यांनी बारावीला पाठ केलेलं असतं, तरीही. मग म्हणायचं, शेजारच्याला पटवून दे. तीन मिनिटं, मराठीत. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी वाद मराठीतच रंगतो. गलका होतो, होऊ द्या. फक्त पलीकडच्या वर्गातल्या सरांना आधी सांगून ठेवा.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रुजवली. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवत होती आणि साध्या संकल्पनेवर अडखळत होती. त्यांचा ठोकताळा असा: बरोबर उत्तरं तीस टक्क्यांहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा, सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा, मधे असतील तर चर्चा लावा.

आता तंत्रज्ञान. मोबाइलवरच्या फॉर्मनं हीच उत्तरं घेता येतात. लाजरी मुलंही उत्तर देतात, नोंदही राहते. रेंज नसेल तर छापील कोडची कार्डं मिळतात. मुलं ती वर धरतात आणि एकट्या शिक्षकाचा फोन ती वाचतो. तेही नसेल तर बोटं आहेतच. प्रयोगासाठी सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज मोफत आहेत, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे बरेच पाठ मराठीत ऐकता येतात, आणि २०१७पासून 'स्वयम्'वर पूर्ण अभ्यासक्रम आहेत. पण नुसती लिंक ग्रुपवर टाकली तर ती कुणी उघडत नाही. दहा मिनिटांपेक्षा लहान तुकडा निवडा आणि त्यावरचा प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा. साठ स्लाइडांच्या तासाबद्दल काय बोलायचं? दिवे मालवलेले, पंखा चालू, आणि मुलं एसटीनं पहाटे निघालेली.

आणखी एक. तास सुरू होताना मागच्या आठवड्यातले दोन प्रश्न विचारा, वही मिटून. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो.

"पोर्शन कधी संपवायचा?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. एका प्रश्नाला सात-आठ मिनिटं जातात. ती काढायची कुठून? फळ्यावर उतरवून घेतो त्या लांबलचक सिद्धता छापून द्या, घरी वाचू देत. आणि सगळा विषय एकदम बदलायला जाऊ नका. एक युनिट घ्या, तासाला एकच प्रश्न.

चुकीचे पर्याय मात्र मनानं रचू नका. गेल्या वर्षीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका कपाटात असतील, त्या काढा. मुलं नेमकी कुठं घसरतात ते तिथं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.