पाच डॉलरच्या नोटेवरचा हात



स्वागताध्यक्षाने पुष्पगुच्छ द्यावेत, जेवण कुठे आहे ते सांगावे आणि माइक सोडावा, ही सभागृहाची रास्त अपेक्षा असते. पुष्पगुच्छ देऊन झाले. जेवण तळमजल्यावर आहे. उरलेल्या पाच मिनिटांत स्वागत समितीला एका कंपनीची गोष्ट सांगायची आहे. कंपनी कॅनडाची आहे, पण अवकाश-उद्योगातील परकीय भांडवलावर बोलायला जमलेल्या मंडळींना ती परकी वाटू नये.

मॅकडोनाल्ड, डेटवायलर अँड असोसिएट्स, म्हणजे एमडीए, ही कंपनी 1969 मध्ये व्हँकुव्हर परिसरात दोघांनी सुरू केली. 1999 मध्ये तिने स्पार कंपनीचा यंत्रहातांचा विभाग घेतला. 1981 पासून अमेरिकी स्पेस शटलवर काम करणारा ‘कॅनडार्म’ स्पारचाच. त्याच्या धाकट्या भावाचे, अवकाश स्थानकावरच्या कॅनडार्म-2चे, चित्र 2013 मध्ये कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर आले. नोटेवर राजे-राण्या असतात, पंतप्रधान असतात. यंत्राचा हात क्वचितच.

पण खरा वाद हातावरून पेटला नाही, डोळ्यावरून पेटला. हा डोळा म्हणजे रडारसॅट-2 हा उपग्रह. त्याच्या रडारला ढग आडवे येत नाहीत की रात्र. महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रावर, तिथल्या जलमार्गाच्या दर्जावरून अमेरिकेशी जुना मतभेद असताना, कॅनडाला असाच डोळा हवा होता. सरकारने त्यासाठी सुमारे 44.5 कोटी कॅनडियन डॉलर घातले. मात्र उपग्रह कंपनीच्या मालकीचा राहिला. सरकारच्या वाट्याला आली ती त्याच्या प्रतिमांची हमी. शेतीला पैसा घालायचा, सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपल्याला ठरलेली पोती मिळणार, असा हा व्यवहार.

अमेरिकेबद्दलचा कॅनडाचा संशय हवेतून आलेला नव्हता. पहिला रडारसॅट 1995 मध्ये नासाने अवकाशात सोडला होता. दुसऱ्याची नजर अधिक तीक्ष्ण, तेव्हा नासाने अंग काढून घेतले. अमेरिकी निर्यात परवान्यांच्या अडचणीमुळे उपग्रहाचा सांगाडा इटलीच्या कंपनीकडून करून घ्यावा लागला. शेवटी 14 डिसेंबर 2007 रोजी तो बैकानूरहून रशियन सोयूझवर बसून गेला.

आणि महिनाही उलटायच्या आत, 8 जानेवारी 2008 रोजी बातमी आली: एमडीएचा अवकाश विभाग अमेरिकेची अलायंट टेकसिस्टिम्स घेणार, किंमत 132.5 कोटी कॅनडियन डॉलर. अलायंट ही दारूगोळा आणि रॉकेटच्या मोटारी बनवणारी कंपनी. एमडीएची बाजूही पोकळ नव्हती. अमेरिकेच्या मोठ्या संरक्षण बाजारात परदेशी कंपनीला दार उघडत नाही, मग आत जायचे तर अमेरिकी होऊनच, असा तिचा हिशेब होता.

कॅनडाचा परकीय गुंतवणुकीचा कायदा 1985चा. तेव्हा त्याची कसोटी एकच: व्यवहारातून देशाचा निव्वळ लाभ होतो का? सांस्कृतिक क्षेत्र बाजूला ठेवले, तर 23 वर्षांत या कायद्याखाली कुणाला नकार मिळालेला नव्हता. एप्रिलमध्ये उद्योगमंत्री जिम प्रेंटिस यांनी लाभ दिसत नसल्याचे कळवले, मे महिन्यात नकार कायम केला. पुढच्याच वर्षी कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेची स्वतंत्र तपासणीही आली.

गोष्ट इथे संपती, तर आज टाळ्या वाजवून पुढच्या सत्राकडे वळता आले असते.

एमडीएने मग उलटा रस्ता धरला. स्वतः विकली जाण्याऐवजी तीच अमेरिकी कंपन्या घेऊ लागली: 2012 मध्ये 87.5 कोटी अमेरिकी डॉलरना स्पेस सिस्टिम्स लोराल, 2017 मध्ये डिजिटलग्लोब. नाव बदलून झाले मॅक्सार, मुख्यालय गेले कोलोरॅडोला आणि 1 जानेवारी 2019 रोजी कंपनी कायद्यानेही अमेरिकी झाली. यावेळी 2008 सारखा नकार आला नाही. मुलीचे लग्न मोडले म्हणून समाधानाने झोपलेल्या घरातून मुलगी हळूहळू सामान हलवत बिऱ्हाडासकट निघून जावी, तसे झाले. 2020 मध्ये टोरंटोच्या गुंतवणूकदारांच्या पुढाकाराने एमडीएचा व्यवसाय सुमारे 100 कोटी कॅनडियन डॉलरना परत मायदेशी आला. तो आणला खासगी पैशाने, मंत्र्याच्या सहीने नव्हे.

स्वागत समितीला प्रेंटिस यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही. तो उशिराचा वाटतो. देखरेख विक्रीच्या दिवशी सुरू होत नसते. सरकारी पैसा देताना मालकी कुणाच्या नावावर लिहिली, तिथे ती सुरू होते. ओटावाला हे उमगले असावे, कारण जून 2019 मध्ये सोडलेले पुढचे तीन रडारसॅट सरकारने स्वतःच्या मालकीचे ठेवले. ब्रिटननेही 2020 मध्ये वनवेब या दिवाळखोर उपग्रह-कंपनीत भारती समूहासोबत 50 कोटी अमेरिकी डॉलर घातले आणि खास अधिकार देणारा एक समभाग हातात ठेवला; 2023 मध्ये वनवेब फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये विलीन झाली तरी तो सोडला नाही.

भारताने 2024 मध्ये दार बरेच उघडले आहे. पूर्वपरवानगीशिवाय उपग्रहनिर्मिती आणि त्यांच्या चालनात 74 टक्के, प्रक्षेपकांत 49 टक्के, सुट्या भागांत 100 टक्के परकीय भांडवल येऊ शकते. वालचंदनगरला रॉकेट मोटारींची कवचे आणि विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिने बनत आली, त्या महाराष्ट्रात या आकड्यांना कागदापलीकडचा अर्थ आहे. भांडवल हवेच, त्याला भिण्यात शहाणपण नाही.

एवढीच विनंती: या दोन दिवसांत कुणी टक्क्यांवर बोलायला उठले, की त्यांना डेटा, पेटंट आणि उपग्रह कुणाच्या नावावर आहेत, हेही विचारावे.