कढईतलं तेल आणि बाईचं ताट
(कोल्हापुरातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्त्यांमधून काम करणारी कार्यकर्ती आहे. तरीही आज तेलावर बोलायचं ठरवलं, कारण आमच्या एका बैठकीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईनं मला अडवून विचारलं, "ताई, डॉक्टर म्हणतात बाहेरचं तेलकट बंद करा. पोरगा मोबाईलवर वाचून सांगतो, सूर्यफुलाच्या, सोयाबीनच्या तेलात पॉली-अनसॅच्युरेटेड का काय ते असतं, ते विष आहे. आणि दुपारी दोनला चौथं घर उरकलं की माझ्या हातात वडापावच असतो. मग मी खाऊ तरी काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी तो जड शब्द सोपा करून घेऊ. तेलातूपातला प्रत्येक कण साखळ्यांचा बनलेला असतो. तूप, खोबरेल यांतल्या बहुतेक साखळ्यांचे सगळे जोड भरलेले असतात, म्हणून ती थंडीत थिजतात. शेंगतेलातल्या बऱ्याच साखळ्यांमध्ये एकच जोड मोकळा असतो. आणि ज्या साखळ्यांत दोन, तीन किंवा जास्त जोड मोकळे, त्या 'पॉली', म्हणजे अनेक. मराठीत त्यांना बहुअसंपृक्त म्हणतात. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात त्यांचं प्रमाण शंभरात साधारण साठ, सोयाबीनच्या तेलात त्याच्या आसपास, शेंगतेलात तीस, पामतेलात दहा आणि खोबरेलात जेमतेम दोन.

मग ते विष आहे का? नाही. त्यातल्या दोन प्रकारच्या साखळ्या आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, त्या अन्नातूनच मिळाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली दिलेल्या सल्ल्यातही थिजणाऱ्या स्निग्धांच्या जागी वनस्पतींमधली न थिजणारी स्निग्धं घ्यावीत, असंच म्हटलं आहे. त्यात ही 'पॉली'वालीही आली. तेव्हा मोबाईलवरच्या मजकुरानं घाबरून कुणी जवस, कारळं, शेंगदाणे ताटातून काढू नयेत.

पण त्या भीतीत एक खरी गोष्ट लपलेली आहे. मोकळा जोड म्हणजे हवेला आत शिरायला दार. जवसाची कूट लवकर खवट होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्यामागचं कारण हेच. आता अशा तेलाला कढईत घालून तासन् तास धगीवर ठेवलं, रात्री झाकलं, सकाळी पुन्हा तापवलं, तर काय होईल? ज्या तेलात मोकळे जोड जास्त, ते लवकर मोडतं. ते काळं पडतं, दाट होतं, फेसाळतं, आधीपेक्षा लवकर धुरकटतं. तेव्हा त्या बाईचा प्रश्न थोडा बदलून घ्यायला हवा. तेल कुठल्या बियाचं, हा अर्धा प्रश्न झाला. ते कितव्यांदा तापलं, हा उरलेला अर्धा, आणि बाहेर खाताना तोच जास्त महत्त्वाचा.

'पॉली' टाळायचं म्हणून पामतेल किंवा वनस्पती तुपात तळलेलं खायचं, हाही उपाय नव्हे. पामतेल कढईत टिकतं खरं, पण त्यातल्या जवळपास निम्म्या साखळ्या थिजणाऱ्या जातीच्या. वनस्पती तूप तर तेलातले मोकळे जोड कारखान्यात बुजवूनच तयार झालं. त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट नावाची जी चरबी तयार होते, ती हृदयाला सगळ्यांत वाईट. २०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पतीत तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. हा कायदा व्हायला किती वर्षं गेली, आणि तोवर स्वस्तातली खारी आणि बिस्किटं कुणाच्या पोरांनी खाल्ली, याचा विचार करा.

तापलेल्या तेलाबद्दलही नियम आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातले बिघडलेले घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले, तर ते तेल वापरायला बंदी आहे. पण दिवसाला पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनाच त्याची नोंदवही ठेवावी लागते. स्टँडजवळच्या हातगाडीवरच्या बाईकडे ना नोंदवही, ना तेल मोजायचं यंत्र.

आमच्या गटातल्या अशाच एका वडेवालीशी मी बोलले. ती म्हणाली, "काळं झालेलं तेल मला दिसत न्हाई व्हय? पण रात्री दोन लिटर ओतून टाकायचं म्हंजे दिवसाची निम्मी कमाई ओतायची." २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल अडलं. त्याच वर्षी एप्रिलअखेरीस इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं जवळजवळ महिनाभर थांबवलं. आपल्या देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. त्यामुळे तिकडच्या घडामोडींची झळ हिच्या कढईला लागते, आणि मग तेल आणखी एक दिवस ओढलं जातं. तिला गुन्हेगार ठरवून आपला प्रश्न सुटणार नाही. शिवाय दिवसभर त्या धुरात तीच उभी असते. तळणीच्या कडक धुराला कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून जागतिक पातळीवरच्या संशोधन संस्थेनं २०१० साली नोंदवलेलं आहे. गिऱ्हाईक दोन वडे खाऊन निघून जातं, ती मात्र आठ तास तो धूर आत घेते.

आणि "बाहेरचं खाऊच नका" हा सल्ला मला फसवा वाटतो. त्याचा अर्थ पुरुषांच्या लेखी "घरी करून घ्या" असा होतो आणि बायकांच्या लेखी "पहाटे आणखी तासभर आधी उठा" असा होतो. मुळात बाहेरचं खाणं म्हणजे तरी कुणाच्या हातचं? गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठे त्या रांधण्याला धंदा म्हणून मान आणि बँकेचं कर्ज मिळालं. तेव्हा बाहेर खाणारी बाई आळशी, असं कुणी म्हटलं तर खुशाल भांडा. भांडून झाल्यावर मात्र काय खायचं ते डोळे उघडे ठेवून निवडा.

कोल्हापुरात निवडायला बरंच आहे. रंकाळ्यावर भाजलेलं कणीस मिळतं, गाड्यांवर उकडलेल्या शेंगा, इडली, झुणका-भाकरी, ताक मिळतं. यात तळण नाही किंवा फार थोडं आहे. मिसळ आपल्याला सुटणार नाही, मलाही सुटत नाही. पण "कट कमी, फरसाण कमी, मटकी जास्त" एवढं सांगता येतं. वर तरंगणारं लाल तेल आपण पैसे देऊन घेतो, तेव्हा नको म्हणायचा हक्कही आपलाच. फरसाण मिसळवाल्यानं स्वतः तळलेलं नसतं, ते कुठल्या तेलातलं हे त्यालाही ठाऊक नसतं, म्हणूनही ते कमी बरं. भडंग, भेळ याला थोडं तेल लागतं, पण वडा-भज्यांपेक्षा पुष्कळ कमी. आणि वडाच खायचा असेल तर आधी कढईत डोकवा. तेल काळं, फेसाळ दिसलं तर पुढची गाडी गाठा.

आता घरच्या कढईकडे वळू. माझी आई दिवाळीचं तळण झालं की उरलेलं तेल गाळून बरणीत ठेवायची. करंज्या, चकल्या सगळ्यांना वाटल्या जायच्या. ते तेल मात्र पुढे महिनाभर तिच्या एकटीच्या आमटीच्या फोडणीत जायचं. वडिलांच्या भाजीला ताजं तेल, आमच्या पोळीवर तूप आणि तिच्या वाट्याला तळणीचं. ती हे काटकसर म्हणून करायची, आम्हीही कौतुकानं सांगायचो. आज वाटतं, शिळी भाकरी, करपलेला भात, तसंच हे. घरात जे जे खराब, ते बाईच्या ताटात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात तळणीचं तेल पुन्हा तळायला वापरू नका, गाळून भाजीला वापरायचं तर एक-दोन दिवसांत संपवा, असं सांगितलं आहे. मी त्यात एक भर घालते. संपवायचं असेल तर घरातल्या सगळ्यांच्या भाजीत घालून संपवा, एकटीच्या नव्हे.

शेवटी, गटांनी काय करावं? आपल्या जिल्ह्यात भुईमूग पिकतो. दहा-बारा जणींनी मिळून शेंगा घेऊन घाण्यावरून तेल काढून आणलं, तर निदान कशाचं तेल आहे हे तरी कळेल. तळणीसाठी कढई लहान आणि खोल घ्या, तेल कमी लागतं आणि कमी उरतं. दोन घाण्यांमध्ये आच कमी करा, बेसनाचे जळके कण झाऱ्यानं काढत राहा, जुन्या तेलात नवं ओतत बसू नका. ज्या गटांच्या वडा-भज्यांच्या गाड्या आहेत, त्यांनी टाकाऊ तेल गटारात न ओतता एकत्र साठवावं. त्यापासून बायोडिझेल होतं, आणि ते विकत घेणारे असतात. ओतून टाकण्यापेक्षा चार पैसे आले, तर काळं तेल टाकायला हात आखडणार नाही. आणि गटाच्या कर्जाच्या यादीत शिलाई मशीन, शेळी यांच्याबरोबर 'गाडीचं तेल' हेही एक कारण म्हणून लिहा. आमच्या त्या वडेवालीला कर्ज हवं होतं ते नेमकं याच्यासाठी, आणि ते मागायची तिला लाज वाटत होती.

त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला मी परवा भेटले. म्हटलं, वडा आठवड्यातून एकदा खा, तोही कढई बघून. एरवी इडली किंवा उकडलेल्या शेंगा घे. ती हसली आणि म्हणाली, "शेंगा बसून सोलाया लागत्यात ताई. मला उभ्यानं खायाचं असतंय."

मैत्रिणींनो, तेलाचं मी सांगितलं. तिला बसून जेवायला अर्धा तास कसा मिळेल, ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे. पुढच्या बैठकीचा पहिला विषय हाच घेऊ या.