लक्ष्मीबाईंची वेगळी चूल



आम्ही साहित्याचे अभ्यासक नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. मग लक्ष्मीबाई टिळकांवर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय? एवढाच, की १९९८ साली एका टाळेबंदीत, रात्री मंडपात राखणीला बसलो असता, ‘स्मृतिचित्रे’ हाती आले आणि त्या पुस्तकाने आम्हांस घरी जाऊन मान खाली घालायला लावली. ते कसे, ते पुढे सांगतो.

बाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला गेलेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेण्याची सोय नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले, तेही नारायण वामन टिळकांशी, म्हणजे ज्यांचा पाय घरात ठरत नसे अशा कवीशी. शाळा नाहीच, नवऱ्याने शिकवली तेवढी अक्षरे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाईंच्या पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला! काही वर्षे आप्तांच्या आधाराने काढून त्या अखेर नगरला टिळकांकडे गेल्या. पण गेल्या कशा? चूल वेगळी, पाणी वेगळे. एकाच छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात. आम्हांला विचाराल तर साऱ्या पुस्तकात याहून मोठे काही नाही. नवऱ्यामागून डोळे मिटून जाणे सोपे होते. त्या गेल्या नाहीत. जात देवाने केलेली नव्हे, माणसांनी केली, हे आधी त्यांच्या स्वतःच्या मनाला पटले. मग त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी घोटभर पाणी आणि मग बाप्तिस्म्याचे पाणी, असा तो क्रम आहे. धर्मपंडित यावर काय म्हणायचे ते म्हणोत.

पुढे टिळक हाती पैसा आला की देऊन मोकळे होत आणि वाटेत पोरका दिसला की घरी घेऊन येत. वाढायचे बाईंनी! बालकवी ठोंबरे याच नगरच्या घरात राहिले, जेवले. बाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ ते गाडीखाली गेले आणि पुढच्याच वर्षी ९ मे रोजी टिळकही गेले. मागे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झालेले. पुढले साठाहून अधिक अध्याय या शाळा न पाहिलेल्या बाईंनी रचले. आत्मचरित्र १९३४ पासून पुस्तकरूपाने भागाभागाने निघू लागले आणि १९३६ च्या फेब्रुवारीत बाई निवर्तल्या.

आता आमची गोष्ट. पुनावळे तेव्हा नुकतेच महापालिकेत आले होते. पवनेकडच्या बाजूला शेते होती, आजचे मनोरे नव्हते. टाळेबंदीतल्या बैठका आमच्या ओसरीवर भरत. ‘कामगाराला जात नसते,’ हे वाक्य आम्ही दर भाषणात टाळ्यांसाठी राखून ठेवलेले. आणि आमच्याच फडताळात एका साथीदारासाठी कान तुटलेला कप वेगळा असे. तो चहा पिई, कप स्वतः विसळी, पालथा घाली. सहा वर्षे आम्ही हे पाहत होतो. आई देवभोळी, घरची कर्ती. तिला दुखवायचे कसे, ही आमची सबब.

पुस्तक संपले त्या सकाळी घरी गेलो आणि त्याच कपात चहा मागितला. आई म्हणाली, “अरे, तो तुझा नव्हे.”

“आजपासून माझाच,” आम्ही म्हटले.

दिवसभर ती बोलली नाही. तिला वाचता येत नसे, म्हणून रात्री आम्हीच पुस्तक वाचून दाखवू लागलो. बाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला ती पोटभर हसली. वेगळ्या चुलीपाशी आलो तेव्हा मात्र गप्प झाली आणि उठून आत गेली.

आठ-दहा दिवसांनी बैठक भरली. ताटात सारे कप सारखे होते. साथीदाराने सवयीने आपला कप विसळायला उचलला, तो आईने त्याच्या हातून घेतला. “राहू दे रे, मी धुते.”

आम्ही त्याची माफी मागितली ती मात्र पुष्कळ उशिरा, तो कामावरून निवृत्त झाला त्या दिवशी.