लाईट आल्यावर आधी कोण?

(परभणी येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पूर्णा, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही गावच्या सेवा केंद्रात जाऊन पाहा. एकाच संगणकावर पीकविम्याचा अर्ज, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या लेकीचा प्रवेशअर्ज असे पंधरा-वीस टॅब उघडे असतात. प्रत्येक टॅबमागे बाकावर बसलेलं एक माणूस असतं. नेमकी तेव्हाच लाईट जाते.

लाईट आल्यावर ब्राउझर विचारतो, मघाची पानं परत उघडू का? ऑपरेटर ‘हो’ म्हणतो आणि टॅबची पट्टी होती तशी दिसू लागते. पण पट्टी दिसली म्हणजे पानं आली असं नाही. यातलं कुठलं पान आधी आणायचं आणि कुठलं थांबवायचं, हे यंत्राला ठरवावं लागतं. आजचा माझा विषय हा क्रम आहे. तो तांत्रिक वाटतो खरा, पण रांगेत कुणाला पुढे घ्यायचं याचाच तो निर्णय आहे.

आधी हे परत येणं घडतं कसं ते पाहू. आपण काम करत असताना ब्राउझर एका फायलीत नोंद ठेवत असतो: किती खिडक्या, किती टॅब, प्रत्येकाचा पत्ता, मागे कुठली पानं पाहिली, पान कुठवर सरकवलं होतं, आणि बऱ्याचदा रकान्यांत काय लिहिलं होतं तेही. फायरफॉक्स ही नोंद साधारण दर 15 सेकंदांनी लिहितो. म्हणून वीज अचानक गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण हातातून जातं, पण त्याआधीचं सहसा सापडतं. फायरफॉक्समध्ये ही सोय 2006 साली, दुसऱ्या आवृत्तीपासून अंगभूत आली.

नोंद हाती असल्यावर सगळी पानं एकदम का आणू नयेत? याचं उत्तर आपल्या शिवारात आहे. थ्री फेज आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात, दाब पडतो आणि डीपी जळते. ऑटो स्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतं ते याचसाठी. वीस टॅब एकदम उठले तर संगणकाची मेमरी आणि गावातलं तोकडं नेट यांचं तेच होतं. ज्याचा अर्ज अर्धा भरला होता त्याचं पान उरलेल्या एकोणीस पानांच्या गर्दीत अडकतं. आणि लाईट एकट्या आपल्या केंद्रात येत नाही, तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांत एकदम येते. तो भार पलीकडच्या सर्व्हरवरही पडतो.

म्हणून ब्राउझर घडवणाऱ्यांनी क्रम लावला. फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत, 2011 साली, एका वेळी तीनच पानं आणायची अशी मर्यादा होती. जून 2012 मध्ये तेराव्या आवृत्तीने पुढचं पाऊल टाकलं: डोळ्यांसमोर जो टॅब होता तो आधी, वापरणाऱ्याने पिन करून ठेवलेले त्याच्या पाठोपाठ, आणि बाकीचे कुणी त्यांच्यावर क्लिक करेल तेव्हा. तोवर पट्टीवर फक्त त्यांची नावं. क्रोमची रीत थोडी वेगळी आहे. समोरचा टॅब पहिला, हे तिथेही खरं. पण बाकीचे तो मागच्या मागे मोजून आणत राहतो. मेमरी किती मोकळी आहे, कुठला टॅब पिन केलेला आहे, कुठला फार दिवसांत उघडलेला नाही, हे पाहून तो थांबतो किंवा पुढे जातो.

मला यातला पहिला नियम मोलाचा वाटतो. समोरच्या माणसाचं काम आधी. बाकी कुणाला विसरायचं नाही, नाव यादीत ठेवायचं, आणि हाक येताच उठायचं. टॅब पट्टीवर डावीकडे आहे म्हणून त्याला पुढचा मान नाही. जिथे काम चालू होतं तिथे पहिला हात पोचतो. मर्यादित साधनं वाटून घेण्याची ही न्याय्य रीत आहे.

पण चांगला क्रमही पुरा पडत नाही, अशा दोन जागा आहेत. पहिली म्हणजे पलीकडचा सर्व्हर. ब्राउझर पत्ता लक्षात ठेवतो, पण सरकारी संकेतस्थळावरचं लॉगिन ठरावीक वेळेनंतर संपतं. पान परत येतं आणि म्हणतं, पुन्हा लॉगिन करा. मग पुन्हा ओटीपी, आणि ज्या मोबाईलवर तो येतो तो बऱ्याचदा गावाकडे, मुलाच्या खिशात. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. अशा दिवसांत अर्धा अर्ज वाया जाणं म्हणजे सोयाबीन पेरलेल्या माणसाची एक मजुरी आणि एक एसटीची फेरी वाया जाणं.

दुसरी जागा नाजूक आहे. ब्राउझर पानांबरोबर लॉगिनच्या खुणाही परत आणू शकतो. घरच्या संगणकावर ती सोय आहे. केंद्रातल्या सामाईक संगणकावर मात्र मघाशी उठून गेलेल्या माणसाचं खातं पुढच्या माणसासमोर उघडू शकतं. खाजगी खिडकीत काम केलं तर हा धोका टळतो, कारण तिची नोंद ठेवलीच जात नाही. पण मग लाईट गेली की त्या खिडकीतला अर्जही गेला. म्हणून ऑपरेटर मित्रांना माझं सांगणं असं: बँक आणि कागदपत्रांची खाती खाजगी खिडकीत उघडा, लांबलचक अर्ज साध्या खिडकीत भरा आणि काम झालं की लॉगआऊट करूनच टॅब बंद करा. रोज लागणारी संकेतस्थळं पिन करा. लाईट आल्यावर ब्राउझरने विचारलं नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा. मघाची खिडकी बहुधा परत येईल.

मात्र सगळा भार ऑपरेटरवर टाकून चालणार नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं की काम मध्येच तुटणार, आणि ते तुटल्यावर माणसाला पुन्हा कसं उभं करायचं याचा विचार केला. शेतकऱ्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठी संकेतस्थळं बांधणाऱ्यांनीही हेच गृहीत धरायला हवं. अर्जाचा प्रत्येक टप्पा सर्व्हरवर मसुदा म्हणून आपोआप जतन व्हावा. पुन्हा लॉगिन केल्यावर माणूस थेट त्याच रकान्यापाशी पोचावा. यासाठी लागणारं तंत्र जुनं आणि स्वस्त आहे.

इथे कृषी विद्यापीठ आहे, संगणक शिकणारी शेकडो मुलंमुली आहेत. त्यांना माझी विनंती आहे की असं संकेतस्थळ हाती आलं तर त्याची पहिली चाचणी एकच करा: अर्ज निम्मा भरून झाला की संगणकाची वायर काढा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. अर्ज जिथे होता तिथून पुढे गेला, तरच ते संकेतस्थळ परभणीच्या कामाचं. नाही गेला, तर ते बनवणाऱ्यांकडे परत पाठवा, आणि का पाठवलं ते लेखी कळवा.