गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे
(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी १९९ रुपयांविषयी बोलणार आहे. रक्कम लहान आहे, पण गोष्ट लहान नाही.

आमच्या गटातली एक मैत्रीण पोळीभाजीचे डबे देते. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते आणि हातात स्वतःचा फोन, या दोन्ही गोष्टी तिने घरात भांडून मिळवलेल्या. एकदा गटाचा हप्ता भरायला गेली, तर खात्यात पैसे कमी. पासबुक भरून आणले. सात महिने, दर महिन्याला १९९ रुपये वजा झालेले! मग आठवले. लेकीला मालिका पाहायची होती. ‘पहिला महिना फुकट’ असे वाचून हिने पिन टाकला होता. पुढे ते ॲप फोनमधून काढूनही टाकले. तिला वाटले, विषय संपला.

एकूण १,३९३ रुपये गेले. पण त्याहून मोठे काय झाले? नवरा म्हणाला, “तुला यातलं काही कळत नाही. फोन इकडे दे, आणि खात्याचंही मीच बघतो.” लाजेने ती आमच्याशीही कितीतरी दिवस बोलली नाही. जे भांडून मिळवले, ते १९९ रुपयांपायी जायची वेळ आली. म्हणून हा विषय आपला आहे.

चूक तिची होती का? जरा विचार करा. आत शिरायला एक बटण, आणि बाहेर पडायला पाच दारे. आपण विसरू, कंटाळू, गप्प बसू, यावरच हा धंदा चालतो. बाई गप्प राहिली म्हणजे तिचा होकार आहे असे नव्हे, हे आपण इतकी वर्षे सांगत आलो. पैशाच्या व्यवहारातही तेच खरे आहे.

कायद्यानेही हे ओळखले आहे. साध्या फोनवर कॉलर ट्यूनचे पैसे परस्पर कापले जात, तेव्हा २०१३ साली ट्रायने ग्राहकाचा दोनदा होकार घेण्याचा आदेश काढला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई केली. त्यातला एक म्हणजे वर्गणीचा सापळा. वर्गणी बंद करणे अवघड करून ठेवणे, बंद करायची जागा लपवणे, एवढेच नव्हे तर फुकट वर्गणीसाठी आपोआप पैसे कापण्याची परवानगी द्यायला भाग पाडणे, हे सारे त्यात येते. ‘नको’ म्हणणाऱ्या ग्राहकाला लाज वाटायला लावणे, हाही त्या १३ प्रकारांतला एक प्रकार. बायकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल!

आता करायचे काय?

पहिली गोष्ट, ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली असे नाही. आधी त्यातल्या आपल्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा आणि त्या पडद्याचा फोटो जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, पैसे कापायची परवानगी वेगळी असते, तीही काढून घ्या. यूपीआय वापरत असाल तर त्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ शोधा. तिथे कोणाकोणाला परवानगी दिली ते दिसते आणि रद्दही करता येते. कार्ड असेल तर बँकेत सांगा. “ते कंपनीला विचारा,” असे उत्तर मिळाले तर परत फिरू नका. परवानगी आपण दिली, ती काढून घेण्याचा हक्कही आपला.

तिसरी गोष्ट, मेसेज वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावे लागते, आणि तेव्हा नकार देता येतो. २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन वा ओटीपी मागत नाहीत, म्हणून तर तो मेसेज महत्त्वाचा. आमच्या मैत्रिणीलाही मेसेज येत होते, पण इंग्रजीत आणि जाहिरातींच्या गर्दीत.

रद्द करूनही पैसे गेले, तर बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५.

एक सावधगिरी मात्र बाळगा. घाईने सगळेच बंद करू नका. जीवन ज्योती विम्याचे वर्षाचे ४३६ रुपयेही असेच आपोआप कापले जातात. तो विमा हवा की नको, हे आपले आपण ठरवायचे.

आमच्या मैत्रिणीबरोबर आम्ही दोघी बँकेत गेलो. परवानगी रद्द झाली. एका महिन्याचे पैसे परत आले, बाकीचे गेले ते गेलेच. पण फोन तिच्याच हातात राहिला, आणि पासबुकही.

तेव्हा एवढेच करू या. महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने पासबुक आणि फोन घेऊन यायचे. दहा मिनिटे एकमेकींचे पाहायचे. कोणीही कोणाला ‘तुला कळत नाही’ म्हणायचे नाही. आपले कळणे असेच, एकमेकींच्या सोबतीने वाढत आले आहे.