सिंहलद्वीपातील तळी आणि तीर्थे

श्रोते हो, 'लंकेत सोन्याच्या विटा' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. असतील तिकडे सोन्याच्या विटा, पण त्यांचा आपल्याला काय उपयोग, असा तिचा भाव. आज ज्या श्रीलंकेविषयी मी बोलणार आहे, तेथील विटा मातीच्या आहेत. त्या विटांहूनही मोलाची अशी एक वस्तू त्या देशात आहे. ती म्हणजे तेथील जुनी तळी. परदेशचे प्रवासी तेथे समुद्रकिनारे, चहाचे मळे आणि हत्ती पाहावयास जातात. तेही पाहावेच. पण शेतकऱ्याने आणि शिक्षकाने तेथे गेल्यावर आधी तळी पाहावीत. मग तेथील स्तूप, राजवाडे, डोंगर आणि अरण्ये यांचा परस्परांशी काय संबंध आहे, ते उमगत जाते.

प्रथम त्या देशाची ठेवण ध्यानात घेऊ. श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक. मध्यभागी, जरा दक्षिणेकडे, उंच डोंगर आहेत. मे ते सप्टेंबर वाहणारे नैर्ऋत्य मोसमी वारे डोंगराच्या त्या अंगाला भरपूर पाऊस देतात. पलीकडचा उत्तर व पूर्व भाग मात्र पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे देश, तसाच हा प्रकार. तिकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच, आणि पुढे कित्येक महिने कोरडे. नवल असे की सिंहली राजांच्या मोठमोठ्या जुन्या राजधान्या या कोरड्याच भागात आहेत! मग एवढ्या लोकांना भात मिळत होता कोठून? उत्तर एकच, तळी. तळ्याला सिंहली भाषेत 'वेव' म्हणतात.

पहिली राजधानी अनुराधपूर. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या सुमारापासून इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती नांदती होती. तेथे बोधिवृक्ष आहे. अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेच्या वृक्षाची फांदी तेथे नेली आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात ती लावली गेली, असे बखरी सांगतात. जवळच मोठमोठे स्तूप आहेत. आपण कार्ले, अजिंठ्याच्या लेण्यांत 'दागोबा' म्हणतो, सिंहली लोक 'दागब' म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ 'धातुगर्भ' हेच. त्यांतला जेतवन स्तूप महासेन राजाच्या काळी बांधावयास घेतला. तो मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता आणि त्यास नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. एवढ्या विटा भाजणारे आणि रचणारे हात जेवत होते ते तिस्स वेव, अभय वेव, नुवर वेव अशा तळ्यांच्या पाण्यावर पिकलेला भात. ही तळी शहराला लागूनच आहेत. संध्याकाळी तिस्स वेवच्या बांधावर उभे राहिले की स्तूपांची पांढरी शिखरे दिसतात.

आता एक कथा सांगतो. पाचव्या शतकात धातुसेन नावाचा राजा होता. त्याने अनुराधपुराच्या दक्षिणेस 'कला वेव' हे प्रचंड तळे बांधले. तेथून राजधानीच्या तिस्स वेवपर्यंत सुमारे ८७ किलोमीटरांचा कालवा आहे. आरंभीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे अवघा वीतभरही नाही. आजच्यासारखी यंत्रे नसताना हे कसे साधले असेल, याचा आपल्या ओव्हरसियर मंडळींनीही विचार करावा. या धातुसेनाचा मुलगा काश्यप याने बापाला कैद करून राज्य बळकावले. "खजिना कोठे लपवला आहेस?" म्हणून त्याने बापाचा छळ मांडला. म्हाताऱ्याने मला कला वेवला न्या, असे सांगितले. तेथे तो पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी प्याला आणि माझे धन म्हणाल तर एवढेच, असे त्याने सांगितले. मुलाने संतापून त्याला भिंतीत चिणून मारले, असे बखरीत नमूद आहे.

हाच काश्यप पुढे भावाच्या भीतीने सिगिरियाच्या सुळक्यावर जाऊन राहिला. जवळजवळ दोनशे मीटर उंचीचा तो एकटा खडक अरण्यातून वर आला आहे. वर वाड्याचे अवशेष, वाटेत सिंहाचे दोन प्रचंड दगडी पंजे, आणि खडकाच्या कपारीत स्त्रियांची रंगीत चित्रे. ती पाहताच अजिंठ्याची आठवण येते. अजिंठ्याशी त्या देशाचे आणखीही नाते आहे. तेथील सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची आणि त्याच्या लंकेवरील स्वारीची कथा रंगविलेली आहे. सिगिरियाच्या एका गुळगुळीत भिंतीवर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूंनी चित्रांवर कविता कोरून ठेवल्या आहेत. परणवितान या विद्वानाने त्यांतल्या ६८५ कविता वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. पायथ्याच्या बागेतील कारंजी तर पावसाळ्यात आजही उडतात. बापाच्या धनाची थट्टा करणाऱ्या मुलालाही अखेर पाण्याचीच हौस होती, असे म्हणावे लागते.

दुसरी राजधानी पोलोन्नरुव. तेथे बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजा झाला. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रास मिळू नये, असे त्याचे धोरण होते. त्याचे तळे इतके विस्तीर्ण की त्याला 'पराक्रम समुद्र' असेच नाव पडले. जवळच गल विहार आहे. एकाच खडकात बुद्धाच्या चार मूर्ती कोरल्या आहेत. त्यांतली पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. उशीला डोके टेकल्याने पडलेला दाबसुद्धा शिल्पकाराने दगडात दाखवला आहे.

तेराव्या शतकात मात्र स्वाऱ्या झाल्या, बेबंदशाही माजली. बांध फुटले, ते कोणी बांधले नाहीत. हिवताप पसरला, लोक दक्षिणेकडे निघून गेले आणि या नगरांवर रान चढले. पुढे इंग्रजी अमलात १८३२ साली 'राजकारिय' नावाची सक्तीची सेवा बंद झाली. वेठ गेली हे चांगलेच झाले. पण गावाने मिळून बांध दुरुस्त करण्याची शिस्तही तिच्याबरोबर ढिली पडली. कला वेवची दुरुस्ती १८८७ साली झाली आणि १९७६ पासून पोलगोल्ल येथे वळवलेले महावेली नदीचे पाणी तेथवर येऊ लागले. सरकारी इंजिनिअर हेन्री पार्कर जुन्या बांधांतील दगडी चौकोनी विहिरी पाहून थक्क झाला होता. पाण्याचा जोर मोडून ते बेताने सोडण्याची ती युक्ती होती. त्याने १९०९ च्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे.

शेतकरी बंधूंनो, ही झाली राजांची तळी. मला अधिक कौतुक वाटते ते खेड्यांतल्या लहान तळ्यांचे. ओढ्याच्या उतारावर एकाखाली एक अशी ती माळेसारखी असतात. वरच्या तळ्याचे पाणी शेतांतून निथळून खालच्यात उतरते. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडी राखलेली असते. ती वारा अडवते, त्यामुळे पाणी कमी उडते. बांधाखालीही झाडीचा पट्टा असतो. तो पाझरणाऱ्या पाण्यातला क्षार शोषून घेतो आणि मग पाणी शेतात जाते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली या पद्धतीला शेतीचा जागतिक वारसा म्हणून मान दिला. तेथे 'बेत्म' नावाचा एक रिवाज आहे. तळ्यात पाणी थोडे राहिले की गावकरी एकत्र बसतात आणि बांधाजवळची तेवढीच जमीन त्या हंगामापुरती सर्वांत वाटून घेऊन कसतात. त्या वेळी सातबारा कोणाच्या नावचा, हे कोणी काढत नाही! आपल्याकडे पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांत काय होते, ते मी सांगावयास नको.

आता हे पाणी येते कोठून, ते पाहण्यासाठी डोंगरात जावे. श्रीपाद शिखर २,२४३ मीटर उंच आहे. माथ्यावरील खुणेला बौद्ध बुद्धाचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे, तर मुसलमान आदमचे. डिसेंबर ते मे हा यात्रेचा काळ. लोक रात्री चढू लागतात आणि सूर्योदयाला माथा गाठतात. या डोंगरांच्या परिसरात मोठ्या नद्या उगम पावतात. दक्षिणेकडील सिंहराज अरण्य जागतिक वारसा म्हणून १९८८ पासून राखलेले आहे. कँडी नगरात बुद्धाच्या दाताचे मंदिर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे शृंगारलेल्या हत्तींची मिरवणूक निघते. त्या उत्सवाची सांगता नदीकाठी होते. पात्रातले पाणी तलवारीने कापावयाचे आणि ते भांड्यात भरून वर्षभर जपावयाचे, असा विधी आहे.

हत्ती पाहावयाचे असतील तर मिन्नेरिया गाठावे. हेही महासेनानेच बांधलेले तळे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पाणी ओसरून काठाला कोवळे गवत उगवते आणि शेकडो रानहत्ती तेथे जमतात. तळे बांधणाऱ्या राजाला तेथील लोकांनी देव केले आहे आणि त्याची पूजा होते.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. विहारात पादत्राणे आणि टोपी काढून जावे, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तेथे ते अपमानाचे समजतात. दर पौर्णिमेला सुटी असते. त्या दिवशी पांढरे कपडे घालून लोक विहारात जमतात, ते दृश्य चुकवू नये.

शिक्षक मित्रांनी मुलांना लंकेचा नकाशा दाखवताना कोलंबो आणि कँडीबरोबर कला वेवही दाखवावे आणि धातुसेनाची गोष्ट सांगावी. मग गावच्या तळ्यावर किंवा पाझर तलावावर मुलांना नेऊन विचारावे, याचा बांध कोणी घातला, आणि यंदा पावसाळ्यापूर्वी त्यावर माती कोण टाकणार?