कुटुंबासह

मुंबईच्या उपनगरांतल्या पुष्कळ उपाहारगृहांत पूर्वीं एक पाटी असे; कांहीं ठिकाणीं ती अजूनहि आहे. तिच्यावर 'फॅमिली रूम' एवढे दोनच शब्द लिहिलेले असत. लांकडी फळीच्या आडोशाला किंवा पडद्याआड चारदोन टेबलें मांडून केलेली ती खोली. मीं अंधेरीच्या बाजूस एका प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें मास्तरकी केली, आणि शब्दांच्या मागें लागण्याची खोड मास्तराला असतेच. ती पाटी पाहिली कीं माझ्या मनांत एक विचार येई. आपल्या जुन्या बोलण्यांत 'माझें कुटुंब' म्हणजे माझी पत्नी. 'कुटुंबाची प्रकृति बरी नाहीं' असें रजेच्या अर्जांत लिहिलें म्हणजे कोणास आणखी खुलासा लागत नसे. पुढें इंग्रजी शब्द आला, तरी अर्थ तोच राहिला. 'फॅमिलीला गांवीं पोहोंचवून आलों' असें म्हणणारा मनुष्य आजहि पत्नीविषयींच बोलत असतो. ज्या एका व्यक्तीला आपण सबंध कुटुंबाचें नांव दिलें, ती व्यक्ति कुटुंबाबरोबर जेवावयास केव्हां बसते, हा प्रश्न मात्र मला साठी उलटेपर्यंत पडला नाहीं. तो कसा पडला, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

आमच्या घरीं बाहेरच्या खाण्याविषयीं एक अढी होती, आणि त्यांतल्या त्यांत पावाविषयीं अधिक. ताप येऊन गेला म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून चहापाव मिळे. एरव्हीं पाव उंबऱ्याच्या आंत येत नसे. ह्या अढीला मोठा इतिहास आहे. पाव हा शब्द आणि पाव हा पदार्थ, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. १५३४ सालीं वसई आणि साष्टी त्यांच्या ताब्यांत गेल्या, आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकीपर्यंत दोनशें वर्षें ह्या किनाऱ्यावर त्यांचें पाऊल होतें. विहिरींत पाव टाकला आणि तिचें पाणी प्यालेला सारा गांव बाटला, ही कथा आमच्या पिढींत कोणी ऐकली नाहीं? पुढें १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा निघाली. तिच्यांत येऊं इच्छिणाऱ्याला ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खाऊन जातिभेद सोडल्याची खूण पटवावी लागे, आणि तीहि गुप्तपणें. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा आणि बिस्किटें पुढें आलीं, त्यावरून मोठें ग्रामण्य माजलें, आणि रानडे व टिळक ह्यांच्यासारख्यांनाहि प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाहीं. ज्या समाजानें एका बिस्किटाचा एवढा खल केला, त्यानें पंक्तींत कोण बसलें आणि कोण उभें राहिलें ह्याचा खल तितक्या हिरीरीनें केला नाहीं.

मुंबईंतल्या खाणावळी निघाल्या त्या मुख्यतः घर सोडून आलेल्या पुरुषांसाठीं. गिरणगांवांत बायका रांधीत आणि कामगार जेवीत. त्या रांधणाऱ्या बायकांना एकत्र आणण्यासाठीं प्रेमा पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, तोंपर्यंत त्यांच्या कष्टांची कोणी नोंदहि ठेविली नव्हती. इराण्याच्या हॉटेलांत संगमरवरी टेबलाशीं चहा घेत बसलेला घोळका बहुधा पुरुषांचाच. दादरला १९१० सालीं मामा काणे ह्यांनीं उपाहारगृह काढलें, त्याच्या नांवांतच 'स्वच्छ' हें विशेषण घातलें होतें. यावरून बाहेरच्या खाण्याविषयीं लोकांचें मत काय होतें तें ध्यानांत येईल. जातां जातां सांगतों, उपाहार म्हणजे अल्प आहार, आणि उपहार म्हणजे भेट. निम्म्या पाट्यांवर 'उपहारगृह' असें लिहिलेलें असतें. छत्तीस वर्षें मीं ही चूक मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईनें दुरुस्त केली.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. गेल्या नाताळच्या सुटींत मुलानें आणि सूनबाईनें आम्हां दोघांना गोराईस नेण्याचें ठरविलें. बरोबर दोन नातवंडें, मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची. बोरिवली स्टेशनाच्या पश्चिमेस खाडीपर्यंत गेलें म्हणजे तर मिळते. दोन्ही कांठांना तिवरांची दाट झाडी, पलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस, आणि पांचदहा मिनिटांत आपण दुसऱ्याच गांवीं उतरतों. गोराई, मनोरी हीं गांवें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आहेत, हें तेथें पाय ठेवल्यावर कोणाला खरें वाटणार नाहीं. नारळीच्या वाड्या, वाळत घातलेली मासळी, कौलारू घरें, मधून मधून क्रूस, आणि पुढें समुद्र. येथें राहणाऱ्यांत कोळी आहेत, आणि ईस्ट इंडियन म्हणविणारे ख्रिस्ती लोक आहेत. हें नांव त्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं घेतलें. पण नांव इंग्रजी असलें तरी घरांतली बोली मराठीच. शनिवार-रविवारीं आणि सुटींत शहरांतलीं माणसें हवापालटासाठीं तेथें येऊन राहतात, आणि त्यांच्यासाठीं लहान लहान खाण्याचीं ठिकाणें निघालीं आहेत.

त्यांपैकीं एका ठिकाणीं आम्ही दुपारीं गेलों. नारळीच्या सावलींत पत्र्याचें छप्पर, सहासात टेबलें, एका कोपऱ्यांत विटांची घुमटासारखी भट्टी. दाराशीं पाण्यानें भरलेली बादली आणि एक तांब्या ठेवलेला. समुद्रावरून येणाऱ्यांनीं पायांची वाळू धुवावी म्हणून. भट्टीशीं घरधनी आणि टेबलांशीं त्याची पत्नी, असा तो संसार. पाटी अर्थात् 'उपहारगृह' अशीच होती.

येथें पिझ्झा मिळतो असें कळतांच मीं नेहमींप्रमाणें नाक मुरडलें. "मला पावाचे प्रकार नकोत," असें म्हणालों. नात म्हणाली, "आजोबा, हा पाव नाहीं, पिझ्झा आहे." मास्तराला एवढें निमित्त पुरे! मीं तिला समजावून दिलें कीं, दोन्ही एकाच घरचीं भावंडें. पीठ भिजवून, आंबवून, फुगवून भाजलें म्हणजे पाव. तेंच पीठ हातानें थापून पसरट केलें, त्यावर टोमॅटोचा रस आणि चीज पसरून भट्टींत सारलें म्हणजे पिझ्झा. इटलींतल्या नेपल्स शहराचा हा पदार्थ. तेथील भट्टी इतकी तापलेली असते कीं एक पिझ्झा दीड मिनिटाच्या आंत भाजून निघतो. तेथल्या कारागिरांच्या ह्या विद्येला युनेस्कोनें २०१७ सालीं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यावरचा टोमॅटो मूळचा अमेरिकेंतला. त्या बाजूचें नामांकित चीज म्हशीच्या दुधाचें, म्हणजे आपल्या ओळखीचेंच. डॉमिनोज ह्या अमेरिकन मंडळीनें भारतांतलें आपलें पहिलें दुकान १९९६ सालीं दिल्लीस काढलें, आणि आज पिझ्झा माहीत नाहीं असें मूल बोरिवलींत किंवा मुलुंडांत शोधूनहि सांपडणार नाहीं. मात्र मैदा आणि चीज हें रोजचें अन्न नव्हे. सणावारासारखें कधीं तरी खावें.

माझें व्याख्यान चालूं असतां नातवाच्या कोपरानें पाण्याचा पेला उलटला. पाणी टेबलभर झालें. मी डोळे वटारणार, इतक्यांत ती बाई फडकें घेऊन आली, टेबल पुसलें, दुसरा पेला भरून मुलापुढें ठेविला, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें शेजारच्या टेबलाकडे गेली. तेथें घाटकोपरहून आलेलें एक जैन कुटुंब बसलें होतें. कांदालसूण नको असें त्यांनीं सांगितलें, तेव्हां तिनें टोमॅटोच्या रसाचें वेगळें भांडें आणून दाखविलें आणि मगच तें भट्टीकडे नेलें.

मग आमचा पिझ्झा आला. भलें मोठें परातीएवढें वर्तुळ, आठ ठिकाणीं कापलेलें, तिनें टेबलाच्या मध्यावर ठेविलें. वाफ येत होती. आणि तें ठेवतांच माझी पत्नी खुर्चीवरून उठून उभी राहिली! एक एक तुकडा उचलून ती आमच्या पानांत वाढूं लागली: आधीं मला, मग मुलाला, मग नातवंडांना. आम्हीहि मुकाट्यानें पुढें केलेला तुकडा घेत होतों. कोणाला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. दिसलें तें त्या परक्या बाईला. ती जवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा. वाढायला मी आहें ना." आणि तिनें पत्नीच्या ताटलींत तुकडा ठेवून दिला.

पत्नी बसली, पण काम काढून घेतलेले तिचे हात तिला अवघड झालेले मीं पाहिले. मग तिनें तो तुकडा उचलला, फुंकर घातली, आणि आमच्याबरोबर खाल्ला.

परततांना तरींत मीं सहज विचारलें, "काय, कसा होता तो पिझ्झा?" ती थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली; मग म्हणाली, "अहो, बरावाईट मला नाहीं सांगतां यायचें. पण गरम होता."

सगळे हंसले, मीहि हंसलों. पण तरींतून उतरल्यावर तें वाक्य माझ्या पाठीस लागलें. 'पोळी खावी तर तव्यावरून थेट पानांत,' असें मी पाहुण्यांपुढें अभिमानानें म्हणत आलों. त्या पोळीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभें असतें, आणि तिची स्वतःची पोळी केव्हां पानांत पडते, ह्याचा हिशेब मीं केला नव्हता. गणित हा तर माझा विषय! लग्नाला एक्केचाळीस वर्षें झालीं. दिवसाचीं दोन जेवणें धरलीं, तर तीस हजारांच्या घरांत संख्या जाते. माहेरपणाचे आणि आजाराचे दिवस वजा केले तरी उत्तर फारसें बदलत नाहीं. इतक्या वेळां आम्ही उठल्यावर ती एकटी, निवलेल्या भाजीशीं, राहिलेलें खात बसली. मीं तिला कधीं टाकून बोललों नाहीं, पगार तिच्या हातीं दिला, म्हणून मी स्वतःस चांगला गृहस्थ समजत होतों. शाळेंत मुलींनाहि मीं समतेचे धडे दिले. परंतु एका भट्टीवाल्याच्या पत्नीला जें क्षणांत दिसलें, तें मला एक्केचाळीस वर्षांत दिसलें नव्हतें.

तेव्हांपासून कोणतेंहि उपाहारगृह कुटुंबासाठीं योग्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास मीं तीन कसोट्या केल्या आहेत, त्या आपल्यापुढें ठेवतों. पहिली, मुलानें पाणी सांडलें तर तेथल्या माणसांचा चेहरा कसा होतो? दुसरी, म्हाताऱ्या मनुष्याला पायरी चढतां येईल, टेकून बसतां येईल, आणि हात धुण्याची व जाण्यायेण्याची जागा स्वच्छ मिळेल, अशी सोय आहे काय? आणि तिसरी, सर्वांत अवघड: घरची बाई तेथें बसून, सर्वांबरोबर, गरम खाते काय? पहिल्या दोन कसोट्यांना मालक उतरला म्हणजे झालें. तिसरींत आपली स्वतःची परीक्षा असते. पडद्याआडच्या त्या खोलीनें बाईला परक्यांच्या नजरेपासून वांचविलें असेल. पण टेबलाशीं बसूनहि ती वाढपीणच राहिली, तर पडदा असून नसून सारखाच.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढ्यासाठीं बाहेर पैसे कशाला खर्चावे? घरींच सर्वांनीं मिळून बसावें. बरोबर आहे. आमच्या घरीं आतां पोळ्या आधीं करून डब्यांत फडक्याखालीं ठेवतात आणि सहाहि जणांचीं पानें एकदम मांडलीं जातात. तव्यावरची पोळी माझ्या वांट्याला येत नाहीं. पहिला आठवडाभर मला ती डब्यांतली पोळी कमी प्रतीची लागली, हें मीं प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. ती तशीच पोळी एक्केचाळीस वर्षें कोणी खाल्ली, हें आठवलें म्हणजे तक्रार घशांतच राहते.

सवय मात्र लवकर सुटत नाहीं. परवांच मीठ कमी पडलें, तशी पत्नी उठूं लागली. नात म्हणाली, "आजी, बस. वाढायला आजोबा आहेत ना." मी उठलों. मिठाची बरणी कोणत्या फळीवर असते, हें मला ठाऊक नव्हतें. तें बसल्या जागेवरून पत्नीनेंच सांगितलें.

गोराईच्या त्या पाटीवरचें शुद्धलेखन दुरुस्त करून द्यावें असें निघतांना माझ्या मनांत आलें होतें. नंतर विचार केला कीं, उपहार म्हणजे भेट, आणि निदान त्या दिवसापुरती ती पाटी चुकलेली नव्हती. ती तशीच राहूं दिली आहे.